फियानो आणि भुसावळचं नाक

उन्हात टिकतं म्हणून एखाद्या द्राक्षाचं एवढं कौतुक होतं, हे मला ॲडलेडला लेकीकडे गेल्यावर कळलं. आम्ही भुसावळकर जन्मभर उन्हातच टिकलो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की खिडक्यांना वाळ्याचे पडदे, डोक्याला उपरणं, खिशात कांदा, आणि चालले ड्यूटीवर. त्याबद्दल आमचं वर्णन कुणी चकचकीत कागदावर छापलं नाही. तिकडे मात्र एका इटालियन द्राक्षाने ऊन सोसलं म्हणून लोक लांबून गाड्या काढून येतात, त्याचा रस ग्लासात घेऊन डोळे मिटतात आणि वर पैसे देतात.

ह्या द्राक्षाचं नाव फियानो. जावयांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या ऑफिसातले कुणी गृहस्थ असतील असं मला वाटलं.

"बाबा, शनिवारी मॅकलारेन व्हेलला जाऊ. फियानो बघू."

"त्यांना कळवलंय ना आधी?" मी म्हणालो. "ऐन जेवणाच्या वेळी जाऊन टपकायला नको."

जावयांनी मध्यंतरी वाइनचा छोटासा कोर्स केला आहे. तेव्हापासून ते नळाचं पाणीही आधी हुंगतात. त्यांनी शांतपणे सांगितलं की फियानो हे द्राक्ष आहे, त्याची पांढरी वाइन होते, आणि ती चाखायला जायचं आहे. मी लगेच बॅगेतून माझा परवाना काढला. महाराष्ट्र सरकारने मला आजीवन मद्यपरवाना दिलेला आहे. प्रकृतीचं जतन व्हावं म्हणून ह्या इसमाला मद्य बाळगण्याची आणि पिण्याची मुभा आहे, असा त्यातल्या मजकुराचा भावार्थ. सरकारला माझ्या प्रकृतीची काळजी आहे ह्याचा माझ्याजवळचा हा एकमेव लेखी पुरावा, म्हणून मी तो पासपोर्टच्या कव्हरात घालून नेला होता. संपूर्ण ऑस्ट्रेलियात तो कुणीही मागितला नाही. शेवटी मीच एका वेटरला दाखवला. त्याने तो उलटसुलट बघून आदराने परत दिला. त्याला ते माझं रेल्वेचं ओळखपत्र वाटलं.

गाडी जावईच चालवणार होते. तिकडे चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल ०.०५ टक्क्याच्या खाली लागतं. त्यामुळे त्यांनी वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकून टाकायची, असा बेत होता.

"एवढ्या लांब थुंकायला जायचं?" ही म्हणाली.

मॅकलारेन व्हेल ॲडलेडच्या दक्षिणेला पाऊण तासावर आहे. त्या पाऊण तासात जावयांनी कोर्सची उजळणी करून घेतली. फियानो मूळचं दक्षिण इटलीतल्या काम्पानियाचं, आवेल्लिनो गावाच्या आसपासच्या डोंगरांतलं. फार जुनं. रोमन काळात मधमाश्या ह्याच्या गोडीला भुलून यायच्या आणि त्यावरूनच त्याचं जुनं नाव पडलं, असं तिकडे सांगतात. मणी लहान, साल जाड, रस बेताचा. आता असलं द्राक्ष शेतकरी लावील कशाला? विसाव्या शतकाच्या मध्याला ते संपल्यातच जमा होतं. मास्त्रोबेरार्दिनो नावाच्या एका घराण्याने हट्टाने जगवलं म्हणून राहिलं, आणि २००३ साली 'फियानो दि आवेल्लिनो'ला इटलीतल्या वाइनचा सगळ्यात वरचा दर्जा मिळाला.

"आपल्याकडे जीआय मानांकन असतं ना, बाबा, साधारण तशातला प्रकार."

"आमच्या भरिताच्या वांग्यालाही आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला कुठल्याही संभाषणात बसवता येतं.

ऑस्ट्रेलियात ह्याला आणायचं कारण ऊन. थंड मुलखातली पांढरी द्राक्षं तापली की साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन मिळमिळीत होते. फियानोचं तसं नाही. जाड सालीच्या आत तो आपली आंबटाई धरून बसतो, आणि पाण्यासाठीही फारसं रडत नाही. मॅकलारेन व्हेलमध्ये कोरिओल नावाच्या वाइनरीने २००१ साली त्याचे वेल लावले, २००५ ला पहिली वाइन आली, आणि मग आजूबाजूच्यांनीही धरला. आंबटाई धरून ठेवण्याचा गुण माझ्या अंगीही आहे. माझ्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी त्यावर रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली.

"इथलं ऊन म्हणजे काय सांगू, बाबा," जावई म्हणाले. "२४ जानेवारी २०१९ ला ॲडलेडमध्ये ४६.६ होतं. रेकॉर्ड!"

एवढं बोलून ते आमच्या चेहऱ्यांवर काय उमटतं ते आरशात बघत राहिले.

"आमच्याकडे त्या तापमानाला लग्नं लागतात," मागून ही म्हणाली. "दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. वर बँडवाले कोट घालून."

जावई त्यानंतर थोडा वेळ रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी सहज बोलता बोलता सांगून टाकलं की आवेल्लिनोच्या डोंगरांत हिवाळ्यात बर्फही पडतो. मी उडालोच. म्हणजे महाबळेश्वरात वाढलेल्या माणसाने भुसावळला येऊन उन्हावर व्याख्यान द्यावं आणि वर मानधन घ्यावं, त्यातली गत!

वाइनरीत जिथे चाखायला बसवतात त्या जागेला तिकडे सेलर डोअर म्हणतात. दार उघडून आत गेलं तर तळघर वगैरे काही नव्हतं. निलगिरीच्या झाडाखाली पत्र्याची शेड, लांबलचक लाकडी टेबल, त्यावर पातळ काचेचे ग्लास, आणि माश्या. माश्या अगदी आपल्या. त्यांच्यामुळे मला जरा धीर आला. टेबलाशी आमच्याशिवाय एक पोरगेलं जोडपं होतं आणि रुंद कडांची हॅट घातलेले एक पेन्शनर, सपत्नीक. प्रत्येकापुढे पाण्याचा पेला, कोरडी बिस्किटं, दोघादोघांत एक स्टीलचं उंच भांडं, आणि एक छापील कागद.

ह्या कागदाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. समोरच्या वाइनमध्ये काय काय लागणार ते त्यावर आधीच छापलेलं असतं. फियानोपुढे लिहिलं होतं: नाशपाती, लिंबाची साल, मध, हेझलनट, ओला दगड. म्हणजे प्रश्नपत्रिकेबरोबरच उत्तरपत्रिका. पण रिवाज असा की कागदाकडे कुणी बघायचं नाही. बघायचं, पण चष्मा पुसताना. किंवा माशी वारताना. हॅटवाले गृहस्थ तर बिस्कीट घेण्याच्या निमित्ताने इतके पुढे वाकत होते की ते एकही ओळ सोडत नसणार.

'ओला दगड' वाचून मी अडखळलो. दगड ओला झाल्यावर येणाऱ्या वासासाठी मी आजवर कधी पैसे मोजले नव्हते. जावई म्हणाले, चेष्टा करू नका, पहिल्या पावसाच्या वासाला शास्त्रीय नाव मिळालं ते ऑस्ट्रेलियातच, १९६४ साली. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस ह्या शास्त्रज्ञांनी दगड-मातीतून तो तेलकट अर्क वेगळा काढून दाखवला. ते खरंच आहे. फक्त आमचे कनौजवाले तोच वास अत्तर करून कुपीत भरून कधीपासून विकत होते, त्यांना नाव देण्याची गरज वाटली नव्हती. दुकान चालत होतं.

वाढणारी मुलगी हसरी, चुणचुणीत. तिने बाटलीचं झाकण हाताने फिरवून उघडलं.

"बूच नाही?" मी कुजबुजलो. सिनेमात पाहिलेला बूच हुंगण्याचा प्रसंग मी आरशासमोर करून पाहिला होता.

"इथे स्क्रू कॅपच असते, बाबा."

प्रत्येकाच्या ग्लासात तिने तळ झाकेल एवढी वाइन घातली. आमच्याकडे सत्यनारायणाचं तीर्थही ह्याहून सढळ हाताने मिळतं. रंग फिकट, किंचित पिवळसर. मग तिने कृती सांगितली. ग्लास दांडीला धरा. गोल फिरवा. नाक आत घाला. थोडा घोट घ्या, गिळू नका, ओठांतून हवा आत ओढा.

मी दांडी धरली आणि फिरवला. इतकी थोडी वाइन इतक्या लांब जाऊ शकते ह्याची मला कल्पना नव्हती. हॅटवाल्यांनी बाही झटकली आणि "नो वरीज, मेट" म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांच्या बाहीचा वास घेतला आणि "लिंबाची साल" असं पुटपुटली. मुलीने मला पुन्हा वाइन घातली, ह्या वेळी जरा कमी.

आता हवा ओढणं. मुलगी करून दाखवत होती तो आवाज आमच्या ओळखीचा निघाला. बशीतून गरम चहा ओढतानाचा तो आवाज! ह्याच आवाजासाठी लेकीने तिच्या सासरच्या माणसांसमोर माझ्याकडे डोळे वटारले होते. इथे तोच आवाज करता येणं हे कोर्स झाल्याचं लक्षण. मी जन्मभराची साधना पणाला लावून असा काही भुरका मारला की टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पुढच्याच क्षणी फियानो नको त्या नळीत गेला आणि मला ठसका लागला. हॅटवाले पाठीवर थोपटायला लागले. हिने घाईघाईने ते स्टीलचं उंच भांडं उचललं आणि माझ्या पेल्यात ओतणार, इतक्यात लेक ओरडली, "आई! ते थुंकायचं आहे!"

हिने भांड्यात डोकावून पाहिलं. "मग त्याला झाकण नको का?"

जावयांनी ते भांडं स्वतःकडे घेतलं आणि त्यात इतकी बारीक, सरळ धार सोडली की मी थक्क झालो. मला ते जमेना. लहानपणापासून आमच्या गावात चालत्या एसटीच्या खिडकीतून नेम धरून पिचकारी मारणारे मी पाहिलेत. पण चार परकी माणसं आदराने बघत असताना, पैसे दिलेली वस्तू, तीही थंडगार, अशी टाकून देणं म्हणजे फारच झालं. मी गिळली. परवान्यात प्रकृतीचा उल्लेख होताच.

आणि मग ती वेळ आली. मुलीने हात जोडल्यासारखे केले आणि विचारलं, "सांगा बघू, तुम्हाला काय काय जाणवतंय?"

टेबलाच्या त्या टोकापासून सुरुवात झाली. पोरगेला नवरा दूर डोंगराकडे बघत म्हणाला, "नाशपाती." मुलगी म्हणाली, "वंडरफुल." त्याची बायको म्हणाली, "नाशपाती, पण मला वाटतं पिकलेली." हॅटवाल्या बाईंनी लिंबाची साल बाहीवरच मिळवली होती. हॅटवाले बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मध. नाही, थांबा... मेण." जावयांनी हेझलनट घेतलं, वर तोंडातल्या पोताबद्दल दोन वाक्यं टाकली. लेकीने घाबरून नाशपातीच पुन्हा सांगितली. कागद वरून खाली संपत चालला होता आणि माझ्या वाट्याला फक्त ओला दगड उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. हिची पाळी आली. हिने ग्लासातलं उरलेलं एका दमात संपवलं.

"आंबट आहे."

"शी सेज द ॲसिडिटी इज ब्युटिफुल," लेक म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी म्हणाली, अगदी बरोबर, फियानोचा हाच तर गुण. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दगड म्हणायला माझी जीभ रेटेना. एवढ्या लांब येऊन, जावयांच्या देखत, दगड? मी ग्लासात नाक घातलं आणि बाहेर काढून म्हणालो, "केळं."

आता हे केळं कुठून आलं? माझी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर हिशेबाची. सावदा, रावेर, निंभोरा भागातून दिल्लीकडे केळीच्या वॅगनी लागत. उन्हाळ्यात एखादी वॅगन अडकून पडली की आतला माल पिकायला लागे, आणि तो गोड, जड वास पावती-पुस्तकांत, डब्यातल्या पोळीत, सदऱ्यात जाऊन बसे. एका नाकातून जन्मभर एकच वास गेला की ते नाक पुढे दुसरं काही शोधायच्या भानगडीत पडत नाही.

टेबलावर सगळे गप्प. जावयांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात त्यांच्या कोर्सची सगळी फी होती. मुलीने माझा ग्लास घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग तिचा चेहरा उजळला.

"यू नो, ही इज राइट!"

आणि तिने सांगितलं की पांढरी वाइन गार ठेवून आंबवली की यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट नावाचा पदार्थ तयार करतं. पिकल्या केळ्याला वास येतो तोही ह्याच पदार्थामुळे. ताज्या वाइनमध्ये तो सापडतो, पण पकडायला नाक लागतं.

त्या 'नाक लागतं'मुळे टेबलावर धावपळ उडाली. नाशपाती सांगून मोकळे झालेले सगळे पुन्हा ग्लासात शिरले. हॅटवाले म्हणाले, मला मघाशीच येत होतं, पण मी मेणाच्या मागे गेलो. त्यांच्या बायकोचं मत, केळं नव्हे, केळ्याची साल. पोरगेला नवरा म्हणाला, हिरवं केळं; त्यावरून त्या नवराबायकोत जरा वाजलं. सगळ्यांत शेवटी जावयांनी मान वर केली. "आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "बॅकग्राउंडला आहे."

मी ह्यात कुणाला हसत नाही. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन ह्या निवृत्त प्राध्यापकांनी स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा चाखवली. तिन्ही वेळा साधारण तेच गुण देणारे दहांत एकच निघाले. हे कळल्यापासून मला त्या परीक्षकांबद्दल घरच्यासारखी आपुलकी वाटते. आमच्याकडे प्रत्येक इमारतीत एक काका असतात, ते पेटी न उघडता नुसत्या वासावरून सांगतात, हा देवगड, हा रत्नागिरी. पेटीतली रद्दी कानडी वर्तमानपत्राची निघाली तरी काका डगमगत नाहीत. रत्नागिरीलाही कानडी माणसं राहतात, म्हणतात. आणि लग्नाचा केटरर ठरवताना मुलीचे मामा मठ्ठ्याचा घोट घेऊन "मीठ किंचित..." एवढंच म्हणतात आणि वाक्य सोडून देतात. कमी की जास्त, ते आपण ठरवायचं. त्या लग्नात पुढे मामांना विचारल्याशिवाय पंगत बसत नाही.

माझंही तसंच झालं. दुसरी वाइन आली, व्हर्मेंटिनो. हेही उन्हात टिकणारंच, सार्डिनिया बेटावर फार लावतात. ह्या वेळी कागदाकडे चोरूनही कुणी पाहिलं नाही. सगळे माझ्या नाकाकडे बघत होते. मी हुंगलं. केळं येत नव्हतं. मालधक्का संपला म्हणजे राहिलं घर. "वाळा," मी म्हणालो.

"व्हेटिव्हर," लेकीने भाषांतर केलं.

"व्हेटिव्हर!" मुलीने खिशातून पेन काढून कागदाच्या कडेला लिहून घेतलं. हॅटवाल्यांनी तिला स्पेलिंग विचारलं.

तोवर शेजारच्या टेबलावर नवी मंडळी येऊन बसली होती. मुलगी तिकडे गेली. तिचा आवाज ऐकू येत होता: नाशपाती, लिंबाची साल, मध, हेझलनट, आणि नीट शोधलंत तर एक केळं. दगड तिने गाळलाच. पाचच मिनिटांत तिकडूनही "ओ येस, बनाना!" अशी आरोळी आली. जावई तोंडात वाइन धरून माझ्याकडे बघत राहिले. थुंकायचं विसरले, आणि परतीची गाडी लेकीला चालवावी लागली. ह्या बाबतीत ती अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

बिलाच्या काउंटरवर हॅटवाले माझ्या मागेच उभे होते. त्यांनी फियानोच्या अर्धा डझन बाटल्या घेतल्या होत्या. ही किमतीची पाटी वाचून मनातल्या मनात रुपये करत होती. ते काम चालू असताना तिच्याशी बोलायचं नसतं.

"तुम्ही हे शिकलात कुठे?" हॅटवाल्यांनी विचारलं.

"भुसावळ," मी म्हणालो.

"ते वाइनसाठी प्रसिद्ध आहे का?"

"नाही. त्या भागात केळी होतात. लाखो केळी."

आता सगळं फुटणार असं मला वाटलं. त्यांनी हॅट काढली, कपाळ पुसलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, तरीच! केळीच्याच मुलखातले आहेत ते." आणि अर्ध्या डझनाचा पुरा डझन केला.

हिचे रुपये करून झाले होते. एका बाटलीचा आकडा तिने मला कानात सांगितला.

"एवढ्यात केळीचा घड आला असता," ती म्हणाली. "घरी शिकरण केलं असतं, तुम्ही त्यातून द्राक्षं शोधत बसला असतात."